मूत्रपिंडविकारातील सूज : पाण्याआधी मिठाचा हिशेब

मूत्रपिंडविकारामुळे पायांवर किंवा डोळ्यांभोवती सूज आली की पाणी कमी पिण्याचा सल्ला घरोघरी दिला जातो. या सुजेचे मूळ मात्र बहुधा शरीरात साठलेल्या सोडियममध्ये, म्हणजेच मिठात असते.

निरोगी मूत्रपिंडे दररोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील ९९ टक्क्यांच्या आसपास सोडियम रक्तात परत शोषले जाते आणि उरलेला अल्पांश लघवीवाटे बाहेर पडतो. आहारातून जितके सोडियम आले तितकेच बाहेर टाकण्याचा समतोल या अल्पांशावर अवलंबून असतो.

दीर्घकालीन विकारात कार्यक्षम नेफ्रॉन घटतात आणि जादा मीठ बाहेर टाकण्याची क्षमता मंदावते. अनेकदा अल्डोस्टेरॉन हे संप्रेरकही सोडियम रोखून धरते. नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये दिवसाला ३.५ ग्रॅमहून अधिक प्रथिने लघवीतून जातात. रक्तातील अल्ब्युमिन घटल्याने द्रव ऊतींत झिरपतो. शिवाय मूत्रनलिकाही अधिक सोडियम शोषून घेतात.

साठलेल्या सोडियममुळे तहान लागते आणि शरीर पाणी धरून ठेवते. सुमारे ९ ग्रॅम मीठ साठले की त्यासोबत एक लिटर पाणी राहते आणि वजन किलोभर वाढते. प्रौढांमध्ये बहुधा दोन-तीन लिटर द्रव साठेपर्यंत सूज दिसत नाही. म्हणून रोज सकाळी केलेली वजनाची नोंद धोक्याची सूचना आधी देते. बोटाने दाबल्यावर घोट्याजवळ खळगा राहणे ही पुढची खूण होय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमचाभराहून कमी मीठ खावे. लोणचे, पापड आणि तयार पदार्थांतील मीठही त्यात धरावे. अमेरिकेत वेष्टनावर सोडियम मिलिग्रॅममध्ये, तर ब्रिटनमध्ये मीठ ग्रॅममध्ये छापतात. सोडियमच्या आकड्याला २.५ ने गुणल्यास मिठाचे प्रमाण मिळते.

‘लो सोडियम’ मिठात बहुधा पोटॅशियम असते; दुर्बळ मूत्रपिंडांना ते घातक ठरू शकते. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकेही सोडियम साठवतात. लघवी वाढवणारी औषधे उपयुक्त असली, तरी मीठ न घटवल्यास त्यांचा प्रभाव कमी पडतो. पाण्यावर मर्यादा घालायची की नाही, हे डॉक्टरांनी ठरवावे. सुजेसोबत धाप लागल्यास मात्र तातडीने रुग्णालय गाठावे.