दोन लाख रोजगारांचे वचन

४ फेब्रुवारी २०१६ रोजी लंडनमध्ये सीरिया आणि तिच्या शेजारी देशांच्या मदतीसाठी परिषद भरली. ब्रिटन, जर्मनी, नॉर्वे, कुवेत आणि संयुक्त राष्ट्रे यांनी ती बोलावली होती. एका दिवसात १२ अब्ज डॉलरांहून अधिक रकमेची आश्वासने मिळाली: त्या वर्षासाठी सुमारे ६ अब्ज, आणि २०१७ ते २०२० या काळासाठी आणखी ६.१ अब्ज. वर्तमानपत्रांचे मथळे या रकमेवर झाले. इतिहास लिहिणाऱ्याला मात्र त्या दिवसाचा दुसराच एक कागद जवळ ओढून घ्यावा लागतो. तो थोडक्या पानांचा आहे आणि ‘जॉर्डन कॉम्पॅक्ट’ या नावाने ओळखला जातो.

या कागदात दोन पक्ष आहेत: जॉर्डनचे राज्य आणि आंतरराष्ट्रीय समुदाय. ज्यांच्या श्रमांविषयी तो आहे, ते सीरियन निर्वासित त्यात पक्षकार नाहीत. कलमांचा मथितार्थ असा: निर्वासितांच्या संकटातून विकासाची संधी साधायची, त्यासाठी युरोपीय संघाने जॉर्डनच्या मालाला आपली बाजारपेठ अधिक मोकळी करायची आणि जॉर्डनने सीरियनांना कायदेशीर काम करू द्यायचे. निर्वासितांचा भार उचलणाऱ्या जॉर्डनी वस्त्यांसाठी अनुदान उभे करायचे. आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या नव्या कार्यक्रमाबरोबर जॉर्डनच्या तिजोरीला अनुदान व सवलतीच्या कर्जांचा आधार द्यायचा. या सगळ्याच्या मध्यभागी एक आकडा आहे: येत्या काही वर्षांत सीरियनांसाठी सुमारे २ लाख रोजगारसंधी.

हा आकडा पुढच्या कागदांतून कसा प्रवास करतो ते पाहिले, की या मदतीचा खरा इतिहास उलगडतो.

त्यासाठी आधी मागे जायला हवे. जॉर्डनने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. तिथे आश्रयाचा आधार आहे तो सरकार आणि संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित उच्चायुक्तालय यांच्यातला १९९८ चा सामंजस्य करार. जिवाला धोका असलेल्या माणसाला बळजबरीने परत न धाडण्याची हमी त्यात आहे. मात्र आश्रय साधारण सहा महिन्यांचा असेल आणि तोवर उच्चायुक्तालय त्या माणसाची कायमची सोय लावेल, असे तो करार धरून चालतो. १९४८ आणि १९६७ चे पॅलेस्टिनी आणि २००३ नंतरचे इराकी पोटात घेतलेल्या देशाने सहा महिन्यांची मुदत का लिहून घेतली असेल, हे समजण्यासारखे आहे. मार्च २०११ मध्ये सीरियातल्या दरआ शहरात निदर्शने झाली, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि लोक दक्षिणेकडे निघाले. दरआच्या पलीकडे काही किलोमीटरांवर जॉर्डनचे रमथा आहे. हौरानच्या पठारावरची घराणी सीमेच्या दोन्ही बाजूंना नांदतात, त्यामुळे पहिली माणसे राहिली ती सोयऱ्यांच्या घरी. जुलै २०१२ च्या अखेरीस मफ्रक प्रांतात जातरीची छावणी उघडली आणि वर्षाच्या आत तिच्यात लाखाहून जास्त माणसे दाटली. जगाने छायाचित्रांत पाहिली ती जातरी. परंतु दर पाचांपैकी चार निर्वासित छावणीबाहेर, अम्मान, इर्बिद, मफ्रक, जर्का इथल्या भाड्याच्या खोल्यांत राहत होते.

किती होते ते? इथे दोन कागद दोन उत्तरे देतात. २०१५ च्या शेवटी उच्चायुक्तालयाच्या नोंदवहीत सुमारे ६ लाख ३० हजार सीरियन आहेत. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधली जॉर्डनची जनगणना १२ लाख ६५ हजार सांगते; देशाची एकूण लोकसंख्या तेव्हा ९५ लाखांच्या घरात होती. यातला एक आकडा खोटा ठरवण्याची घाई करू नये. नोंदवही आश्रय मागायला आलेल्यांची मोजणी करते. जनगणनेत देशात राहणारा प्रत्येक सीरियन येतो. युद्धाआधी मजुरीसाठी किंवा लग्न होऊन आलेला, आणि नोंदणीच्या वाटेला कधी न गेलेलाही. शाळांच्या बाकांवर, नळांवर आणि भाड्यांवर पडणारा ताण मोठ्या आकड्याचा असतो, तर शिधा वाटला जातो लहान आकड्याला. म्हणून जॉर्डन सरकार मागणी मांडताना जनगणनेचा आधार घेते आणि संस्था वाटपाच्या तक्त्यांत नोंदवहीचा. वाचणाऱ्याने समोरच्या कागदात कोणता आकडा आहे हे आधी पाहावे.

२०१४ च्या शेवटापासून कागदांचा सूर घाबरा होत जातो. त्या नोव्हेंबरमध्ये जॉर्डनने सीरियनांचे मोफत सरकारी उपचार बंद केले आणि विमा नसलेल्या जॉर्डनी माणसाइतके पैसे आकारायला सुरुवात केली. डिसेंबरमध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाने पैसे नाहीत म्हणून शेजारी देशांतल्या १७ लाख निर्वासितांची अन्नकुपने थांबवली. जगभरातून धावपळीने निधी जमवून ती पुन्हा सुरू झाली. सप्टेंबर २०१५ मध्ये जॉर्डनच्या छावण्यांबाहेरच्या २ लाख २९ हजार लोकांची कुपने पुन्हा तुटली. त्याच वर्षी दहा लाखांहून अधिक माणसे समुद्र ओलांडून युरोपच्या किनाऱ्याला लागली. लंडनमधली उदारता या भीतीतून जन्मली असे म्हणण्याला या तारखांचा क्रमच पुरेसा आधार आहे. परिषदेच्या दोनच दिवस आधी जॉर्डनचे राजे अब्दुल्ला दुसरे यांनी बीबीसीच्या मुलाखतीत सांगितले होते की आज ना उद्या धरण फुटणार आहे.

रोजगाराची कल्पना कागदावर येण्याची वाटही सापडते. २०१५ च्या उत्तरार्धात ‘फॉरीन अफेअर्स’ या नियतकालिकात अलेक्झांडर बेट्स आणि पॉल कॉलियर या ऑक्सफर्डच्या दोन अभ्यासकांचा लेख आला. जातरीपासून थोड्याच अंतरावर राजा हुसेन बिन तलाल विकास क्षेत्र आहे. तिथे कारखान्यांसाठी जमीन आणि सोयी आहेत पण कामगार पुरेसे नाहीत, आणि पलीकडे छावणीत हजारो हात रिकामे आहेत. हे दोन्ही जोडा, असे त्यांचे म्हणणे होते. कल्पना नकाशावर नीट बसत होती.

पण कारखान्यांचा इतिहास ती फारशी विचारात घेत नव्हती. जॉर्डनचा तयार कपड्यांचा धंदा उभा राहिला तो अमेरिकेच्या शुल्कमुक्त बाजारावर, आणि त्यातले बहुसंख्य कामगार बांगलादेश, श्रीलंका, भारत, नेपाळ या देशांतून करारावर आलेले, कारखान्याच्या वसतिगृहात राहणारे असतात. घरदार सोडून, जादा पाळ्या करून गावी पैसे पाठवणाऱ्या माणसाच्या हिशेबात तो पगार बसतो. चार मुलांची आई असलेल्या सीरियन बाईच्या हिशेबात तो कसा बसावा? तिला खोलीचे भाडे भरायचे असते, संध्याकाळी घरी परतायचे असते, आणि कामाची नोंद झाली तर कुपने जातील ही धास्ती असते. एप्रिल २०१५ मध्ये बेट्स आणि कॉलियर जॉर्डनला जाऊन आले होते, आणि त्यांचा हेतू भला होता यात मला शंका नाही. तरीही त्या लेखात कारखाना आधी दिसतो आणि माणूस त्यानंतर.

जुलै २०१६ मध्ये युरोपीय संघाने आपला शब्द पाळला. १९ जुलैच्या निर्णयाने जॉर्डनच्या मालाचे ‘मूळ’ ठरवण्याचे नियम दहा वर्षांसाठी सैल झाले. पूर्वी कपडा शुल्काविना युरोपात न्यायचा तर सुतापासून कापड विणण्याचे कामही जॉर्डनमध्येच व्हावे लागे. आता बाहेरून आणलेले कापड तिथे शिवले तरी चालणार होते. अट अशी की कारखाना ठरवून दिलेल्या १८ औद्योगिक क्षेत्रांपैकी एकात असावा, आणि पहिली दोन वर्षे निदान १५ टक्के व पुढे २५ टक्के कामगार सीरियन असावेत. सवलत घेऊन प्रत्यक्ष माल पाठवणारे कारखाने पहिल्या दोन वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. युरोपातला ग्राहक नव्याने मिळवावा लागतो, त्याच्या गुणवत्तेच्या कसोट्या निराळ्या असतात, आणि इराक व सीरियाकडे जाणारे जॉर्डनचे नेहमीचे व्यापारी रस्ते युद्धाने बंद पडले होते. जकात माफ केल्याने ग्राहक मिळत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये हा निर्णय सुधारावा लागला: क्षेत्रांची अट गेली, मुदत २०३० अखेरपर्यंत वाढली, आणि देशभरात ६० हजार सीरियन कायदेशीर कामावर असल्यास कारखान्यागणिक टक्केवारीची सक्तीही उठेल असे ठरले.

आता त्या २ लाखांकडे. रोजगारसंधी मोजायची कशी? सरकारी दप्तरात तिच्या सर्वांत जवळची वस्तू म्हणजे कामाचा परवाना. जॉर्डनच्या १९९६ च्या कामगार कायद्यानुसार परदेशी माणसाला तो लागतोच. कॉम्पॅक्टच्या आधी सीरियनांकडे असे परवाने जेमतेम काही हजार होते; बाकीचे चोरून राबत होते आणि सापडले तर छावणीत पाठवले जात होते. एप्रिल २०१६ मध्ये सरकारने परवान्याची फी तीन महिन्यांसाठी माफ केली, आणि ही माफी पुढे वारंवार वाढवली. पासपोर्टऐवजी गृहखात्याचे ओळखपत्र चालू लागले. तरी वर्षअखेर ५० हजारांचे लक्ष्य असताना सुमारे ३७ हजारच परवाने झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक बँकेने जॉर्डनला ३० कोटी डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला, त्यात हप्ता सुटण्याची एक अट परवान्यांची संख्या हीच होती. म्हणजे वचन रोजगाराचे होते आणि पैसा परवान्यावर सुटत होता.

हा फरक कागदी नाही. परवाना वर्षाचा असतो. त्याच माणसाने तो पुढच्या वर्षी पुन्हा काढला की एकूण बेरजेत दोन परवाने दिसतात. २०१८ पर्यंत ‘दिलेले परवाने’ लाखाच्या पुढे गेले होते, तर एका वेळी चालू असलेले त्याच्या निम्म्याहूनही कमी होते. त्यांतही बायकांचा वाटा शेकडा ४-५ इतकाच. अहवालाच्या पहिल्या पानावर मोठी बेरीज छापलेली असते. चालू परवाने शोधायला आतले तक्ते चाळावे लागतात.

असे असूनही परवान्याला क्षुल्लक म्हणणे मला मान्य नाही. शेतीचेच पाहा. जॉर्डन खोऱ्यात हिवाळी भाजी असते आणि उन्हाळ्यात काम मफ्रकच्या उंच पठाराकडे सरकते. मजूर पिकामागे फिरतो. एकाच मालकाशी बांधलेला परवाना त्याच्या काय कामाचा? ही अडचण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ओळखली, आणि २०१६ च्या शेवटापासून शेती सहकारी संस्थांच्या मार्फत मालक न बांधता परवाने मिळू लागले. पुढच्या वर्षी बांधकामासाठी अशीच सोय कामगार महासंघाकरवी झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये जातरीत रोजगार कार्यालय उघडले. छावणीतल्या माणसाला तो परवाना दाखवून कामासाठी बाहेर जाता येऊ लागले. गवंड्याला पोलीस दिसताच पळावे लागू नये ही फार मोठी गोष्ट आहे, मग ती कोणत्याही निर्देशांकात मावो वा न मावो. मूळ योजनेत कारखाना होता. प्रत्यक्षात तिने हात दिला शेतमजुराला आणि गवंड्याला. २०२१ मध्ये सीरियनांना ६२ हजार परवाने मिळाले, तोवरच्या कोणत्याही वर्षापेक्षा जास्त.

यजमानांचे काय? जॉर्डन सरकारने मदतसंस्थांना घातलेल्या अटीनुसार प्रकल्पांच्या लाभार्थ्यांत गरीब जॉर्डनींचा ठरावीक हिस्सा असावा लागे. ही अट न्याय्य होती, कारण मफ्रकमध्ये भाडी वाढली ती सगळ्यांसाठीच. शाळांनी दोन पाळ्या केल्या: सकाळी जॉर्डनी मुले, दुपारी सीरियन. २०१६-१७ च्या शालेय वर्षात अशा दुपाळी शाळा दुप्पट होऊन सुमारे २०० झाल्या. त्यामुळे हजारो सीरियन मुलांना वर्ग मिळाला आणि जॉर्डनी मुलांचे तास आखडले. मदतीच्या ताळेबंदात यातला पहिला परिणाम लिहिलेला असतो.

तिजोरीचा हिशेब त्याहून कठोर आहे. जॉर्डन मध्यम उत्पन्नाचा देश असल्याने जागतिक बँकेच्या गरीब देशांसाठीच्या स्वस्त कर्जाला तो पात्र नव्हता. त्यासाठी २०१६ मध्ये देणगीदारांच्या पैशातून व्याज कमी करणारी खास सोय उभी केली गेली. चांगली गोष्ट होती; पण सवलतीचे असले तरी ते कर्जच. ऑगस्टमध्ये नाणेनिधीचा कार्यक्रम सुरू झाला. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने पावावरचे अनुदान काढले, पावाच्या किमती काही प्रकारांत दुपटीवर गेल्या. मे महिन्याच्या शेवटी नव्या आयकर विधेयकाविरुद्ध लोक अम्मानच्या रस्त्यांवर उतरले आणि ४ जूनला पंतप्रधान हानी मुलकी पायउतार झाले. सीरियनांमुळे हे घडले असे म्हणणे चूक ठरेल. जॉर्डनचे कर्ज त्याआधीच राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलेले होते. मात्र कॉम्पॅक्टमध्ये ‘यजमान वस्त्या’ आणि ‘तिजोरीचा आधार’ शेजारी शेजारी बसले होते, आणि दोन वर्षांत त्याच वस्त्यांतली माणसे त्या आधाराच्या अटींविरुद्ध उभी होती. देणगीदारांच्या अहवालांत या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत येतात.

पैशाचा ओघ त्यानंतर आटत गेला. जॉर्डनने देणगीदारांपुढे मांडलेल्या प्रतिसाद योजनेला कॉम्पॅक्टच्या पहिल्या तीन वर्षांत मागणीच्या ६० टक्क्यांहून अधिक रक्कम मिळाली होती. २०२२ आणि २०२३ मध्ये ती एक तृतीयांशाच्या आसपास राहिली. ऑगस्ट २०२३ पासून जागतिक अन्न कार्यक्रमाने माणशी मदत महिना २३ दिनारांवरून १५ वर आणली. ८ डिसेंबर २०२४ रोजी सीरियातली असदची राजवट कोसळली, आणि पुढच्या वर्षभरात जॉर्डनमधून लाखाहून अधिक नोंदणीकृत निर्वासित परत गेले. त्यांच्या परवान्यांची मुदत तिथेच संपली. त्यांच्यासाठी जॉर्डनने उचललेल्या कर्जांचे हप्ते मात्र अजून काही दशके चालतील, आणि ते भरणाऱ्यांत मफ्रकचा तो जॉर्डनी भाडेकरूही आहे, ज्याच्या नावाने हा निधी मागितला गेला होता.