सेगाची घाई आणि गिऱ्हाइकाचा खिसा

नवा गेमिंग कन्सोल किती वर्षांनी यावा? इतिहास बघा मंडळी. जपानच्या सेगा कंपनीने नोव्हेंबर १९९४ मध्ये अमेरिकेत ‘३२एक्स’ विकायला काढलं, म्हणजे जुन्या कन्सोलला लावायचं जोडयंत्र. त्याच महिन्यात जपानमध्ये तिचा नवाकोरा ‘सॅटर्न’ आला! मे १९९५ मध्ये तो अमेरिकेतही पोचला. सहा महिन्यांपूर्वी पैसे मोजलेले हात चोळत बसले. १९९८ चा ‘ड्रीमकास्ट’ यंत्र म्हणून चांगला. पण लोकांचा विश्वास आटलेला, त्यात समोर सोनीचा ‘प्लेस्टेशन २’. २००१ मध्ये सेगाने कन्सोल बनवणंच थांबवलं.

उलट सोनीने २००६ मध्ये पुढचा कन्सोल आणूनही २००० सालचा ‘प्लेस्टेशन २’ २०१२ पर्यंत बनवला. तो १५ कोटींहून जास्त खपला.

माझं मत : सहा-सात वर्षं थांबा, आणि जुन्या गिऱ्हाइकाला वाऱ्यावर सोडू नका. तुम्हाला काय वाटतं?