यान २०३५ चं, गणित २००२ चं

आपल्या भिलाईसाठी सोव्हिएत संघाशी करार झाला फेब्रुवारी १९५५ मध्ये, आणि पहिली झोतभट्टी सुरू झाली फेब्रुवारी १९५९ मध्ये. चार वर्षं! त्यामुळे इथे राहणाऱ्याला मोठं काम म्हणजे चार-पाच वर्षांचं, असंच वाटतं. आजची मोहीम वेगळी आहे. 'लिसा'चा प्रस्ताव युरोपच्या अंतराळ संस्थेकडे १९९३ मध्ये गेला. उड्डाण ठरलंय २०३५ मध्ये.

कृष्णविवरं एकमेकांत विलीन होतात तेव्हा अवकाशच किंचित ताणलं आणि आकसलं जातं. त्याच गुरुत्वीय लहरी. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होणाऱ्या लायगो-इंडियाच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटरच्या, सारख्या लांबीच्या. लेसरची स्वतःची थरथर दोन्हीकडून सारखीच परत येते आणि वजा होते. लिसाची तीन यानं मात्र एकमेकांपासून २५ लाख किलोमीटरवर, आणि ही अंतरं सतत बदलणारी. थरथर वजा होत नाही, आणि ती लहरीच्या खुणेपेक्षा लाखो पटींनी मोठी.

मग करायचं काय? प्रत्येक यानाची नोंद वेगळी ठेवायची आणि नंतर जमिनीवर, योग्य तेवढ्या सेकंदांनी मागेपुढे सरकवून जुळवायची. तोफखान्यातल्या मंडळींना हे ओळखीचं वाटेल. शत्रूची तोफ कुठे आहे हे आपणही वेगवेगळ्या ठिकाणी आवाज किती उशिरा पोचला, यावरूनच काढत होतो. लिसासाठी ही कल्पना टिंटो आणि आर्मस्ट्राँग यांनी १९९९ मध्ये मांडली. पण अशा जुळण्या एकूण किती, आणि सगळ्या सापडल्या कशावरून? त्याची बीजगणिती पद्धत २००२ मध्ये पुण्याच्या 'आयुका'तल्या संजीव धुरंधर यांनी नायक आणि व्हिने या सहकाऱ्यांबरोबर दिली. उड्डाणाच्या तेहतीस वर्षं आधी.

मध्ये काय काय झालं! २०११ मध्ये पैशाअभावी नासा भागीदारीतून बाहेर पडली. खर्च आटोक्यात ठेवायला यानांमधलं अंतर ५० लाखांवरून खाली आणलं. २०१५ मध्ये चाचणीचं यान गेलं, ते उत्तम चाललं. नासा परत आली. पक्की मंजुरी मिळाली जानेवारी २०२४ मध्ये. अंतर बदललं तरी पुण्याचं गणित मोडलं नाही, कारण त्यात अंतराच्या जागी आकडा नव्हता, अक्षर होतं.

टिंटो आणि धुरंधर यांनी २००५ मध्ये या विषयाचा सविस्तर आढावा लिहिला. २०१४ मध्ये तो सुधारला, २०२१ मध्ये पुन्हा. यान अजून जमिनीवरच आहे.