डोंगराचं ऋण



मायबापहो, तुम्ही देहूला येता. इंद्रायणीत पाय धुता, देऊळवाड्यात दर्शन घेता, वैकुंठस्थानी नांदुरकीखाली घटकाभर टेकता. आणि मग कुणीतरी विचारतंच, 'भंडाऱ्याला जायला गाडी मिळेल का हो?' मिळते. आता रस्ता वरपर्यंत गेला आहे. गाडीतून उतरायचं, दर्शन घ्यायचं, फोटो काढायचा, परत गाडीत. मी नावं ठेवत नाही. म्हातारी माणसं असतात, गुडघे दुखतात. पण गाडीनं गेलात तरी वर एक क्षण थांबा आणि चहूकडे बघा. आज मला तेवढंच सांगायचं आहे, कारण महाराजांच्या चरित्राचं एक पान त्या नजरेच्या टप्प्यात पसरलेलं आहे.

खाली इंदोरी दिसते. दुसऱ्या अंगाला पायथ्याशी सुदुंबरे. मधून इंद्रायणी वळसे घेत जाते. ही नदी लोणावळ्याच्या बाजूला कुरवंड्याकडे उगम पावते, देहू-आळंदी करून तुळापूरला भीमेला मिळते, आणि भीमा पुढे पंढरीला चंद्रभागा होते. म्हणजे बघा, महाराजांच्या दारातलं पाणी चालत चालत विठोबाच्या पायाशीच जातं. उत्तरेकडे शिंदे-वासुलीच्या शिवारात भामचंद्राचा डोंगर. दक्षिणेला शेलारवाडीजवळ घोरावडेश्वर. भंडारा, भामचंद्र आणि घोरावडेश्वर हे तिन्ही तुकोबारायांच्या एकांताचे डोंगर. तिन्ही काळ्या कातळाचे, आणि तिन्हींच्या पोटात लेणी.

ही लेणी कुणाची? महाराजांच्या फार आधीची, बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी एका जागी राहायचं, म्हणून डोंगरात खोल्या. प्यायला पाणी हवं, म्हणून कातळात टाकी. आणि दगड फोडायला पैसा लागतो, म्हणून दाते. शेलारवाडीच्या लेण्यांत एका दात्याचं नाव ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेलं आहे. राजा असेल, शेटजी असेल असं वाटतं ना? नाही. ती एक बाई आहे. धेनुकाकट गावच्या एका नांगरकरी शेतकऱ्याची बायको, नाव सिअगुतनिका. तिनं मुलाच्या सोबतीनं लेणं दान दिलं. तिच्या नवऱ्याला लेखात 'कुडुंबिक' म्हटलं आहे. आपला 'कुणबी' हा शब्द त्याच मुळाचा, असं जाणकार सांगतात.

आता जोडा. एका कुणब्याच्या घरच्या बाईनं डोंगरात निवारा करून ठेवला. दीड हजार वर्षांहून जास्त काळ गेला. धर्म बदलले, राज्यं गेली, भाषा बदलली. आणि स्वतःला अभिमानानं कुणबी म्हणवणारे आमचे तुकोबाराय त्याच डोंगरांच्या आसऱ्याला आले. तिला ठाऊक होतं का, पुढं इथं कोण बसणार? मुळीच नाही. दान असंच असतं बाबांनो. देणाऱ्याला घेणाऱ्याचं तोंड दिसत नाही.

महाराज डोंगरावर का गेले? आपण पटकन म्हणतो, भजनाला. खरं आहे. पण कुठल्या अवस्थेत गेले, ते विसरू नका. इसवी सन 1630, म्हणजे शके 1552 च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला. महाराजांचं वय तेव्हा एकवीस-बावीस. आईवडील आधीच गेलेले, थोरले भाऊ सावजी घर सोडून गेलेले. दुष्काळात थोरली बायको रखमाई अन्न अन्न करत गेली. लेकरू संतोबा गेला. दुकान बसलं, दिवाळं निघालं. गावात तोंड दाखवायची चोरी. असा माणूस भामचंद्रावर जाऊन बसला. पंधरा दिवस बसला. परंपरा सांगते, अंगावर साप-विंचू चढले, पण माणूस हलला नाही. पंधराव्या दिवशी साक्षात्कार झाला.

इथं कीर्तनात टाळ्या पडतात. मी म्हणतो, टाळी थोडी राखून ठेवा, कारण पुढं जे झालं त्याला ती हवी.

धाकटे भाऊ कान्होबा शोधत शोधत भामचंद्रावर आले. भावाभावांची गाठ पडली. दोघं खाली उतरले, इंद्रायणीच्या काठी आले. आणि महाराज म्हणाले, 'कान्होबा, घरातली कर्जखतं घेऊन ये.' घराण्याची महाजनकी होती, लोकांकडे येणं होतं. दुष्काळानं सगळेच मेलेले, देणार कोण? पण कागद घरात होते. कागद आहेत तोवर ऋणको धनकोसमोर मान खाली घालून चालणार. महाराज म्हणाले, हे सगळे इंद्रायणीला देऊन टाकू. कान्होबा प्रापंचिक माणूस. ते म्हणाले, 'दादा, तुम्ही साधू झालात, मला तर पोरंबाळं सांभाळायची आहेत.' महाराज रागावले नाहीत, उपदेशही केला नाही. कागदांचे दोन वाटे केले. अर्धे भावाला दिले, आपल्या वाट्याचे पाण्यात सोडले. महिपतीबाबांनी ही कथा सांगितली आहे.

मायबापहो, या गोष्टीत भावाला जबरदस्ती नाही, हे मला फार मोठं वाटतं. स्वतःचा त्याग स्वतःपुरता ठेवला. डोंगरावर देव भेटला याची पहिली खूण ही, की खाली आल्यावर दुसऱ्याच्या मानेवरचं ओझं उतरलं.

पण इथं चूक करू नका. लोकांकडून जे येणं होतं ते महाराजांनी सोडलं. स्वतः जे देणं लागत होते ते मात्र एकही सोडलं नाही.

पहिलं देणं पूर्वजांचं. विश्वंभरबाबांच्या वेळचं विठोबाचं देऊळ मोडकळीला आलेलं. महाराजांनी ते दुरुस्त केलं. हातात पैसा नव्हता, अंगमेहनत केली.

दुसरं देणं जिजाईचं. ही माउली पुण्याच्या सावकाराची लेक. देहूहून इंद्रायणी ओलांडून, दीड-दोन कोस चालून, नवऱ्यासाठी भाकरी घेऊन भंडारा चढायची. वाटेत पायात काटा मोडला आणि तो पांडुरंगानं काढला, अशी कथा आहे. आपण पांडुरंगाचं कौतुक करतो. पण काटा कुणाच्या पायात मोडला, ते बघा. जी रोज चढत होती तिच्या. ती विठोबाला तोंडभर बोलायची, तरी तिची भाकरी वेळेवर यायची. डोंगरावरच्या भजनाला खालून अन्न पुरवणारं कुणीतरी होतं, म्हणून भजन झालं.

तिसरं देणं पायथ्याच्या सुदुंबऱ्याचं. संताजी जगनाडे तेली समाजाचे, घाणा चालवणारे. महाराजांचे टाळकरी आणि अभंग लिहून ठेवणारे. त्यांची समाधी सुदुंबऱ्याला आहे. दोघांत वचन झालं होतं, की मागे राहील त्यानं दुसऱ्याला मूठमाती द्यावी. महाराज आधी वैकुंठाला गेले. पुढं संताजींनी देह ठेवला. लोक माती लोटत होते, पण चेहरा झाकेना. तेव्हा तुकोबाराय वैकुंठाहून आले, तीन मुठी माती घातली, आणि मग माती पुरी झाली, अशी परंपरा सांगतात. तुम्ही याला चमत्कार म्हणा, कथा म्हणा. मी याला देणं फेडणं म्हणतो. कर्जखतं बुडवणारा माणूस शब्द बुडवत नाही.

आता आपली पाळी. माघ शुद्ध दशमी हा महाराजांच्या गुरूपदेशाचा दिवस. त्या वेळी भंडाऱ्यावर सप्ताह होतो, गावोगावच्या दिंड्या येतात. पंगतीच्या भाकऱ्या कुठून येतात? आसपासच्या गावांतून, घराघरांतून. जिजाईचं काम आज ही गावं करतात. आपण जेवतो आणि मागं काय ठेवतो? पत्रावळी, प्लास्टिकचे ग्लास, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. ज्या डोंगरात टाकी खोदून कुणीतरी अनोळखी माणसासाठी पाणी साठवलं, त्याच डोंगरावर आपण बाटल्या फेकतो. शोभतं का हो?

आणि एक गोष्ट याहून मोठी. भामचंद्राच्या बाजूला चाकणचे कारखाने येऊन भिडले आहेत. रोजगार आला, पोरांना काम मिळालं, ते वाईट नाही. पण 2008 साली शिंदे-वासुलीच्या हद्दीत एका परदेशी रसायन कंपनीचं केंद्र उभं राहू लागलं, तेव्हा गावकरी आणि वारकरी एक झाले. टाळ-मृदंगवाले रस्त्यावर आले. कंपनीला ती जागा सोडावी लागली. तेव्हा भांडले ते बहुतेक साधे शेतकरी आणि माळकरी होते. सिअगुतनिकेच्याच जातकुळीची माणसं म्हणा ना. डोंगर कोरायला कुणबी लागला, आणि डोंगर राखायलाही कुणबीच उभा राहिला.

म्हणून माझं मागणं थोडं आहे. पुढच्या वेळी भंडाऱ्याला आलात तर जमेल त्यानं पायी चढा. लेण्यात दोन मिनिटं गप्प बसा, दगडावर नाव लिहू नका. उतरताना आपला कचरा आणि वाटेत दिसला तर दुसऱ्याचाही, पिशवीत घालून खाली आणा. सुदुंबऱ्याला संताजींच्या समाधीवर माथा टेका. आणि घरी गेल्यावर एक कागद शोधा. कुणाचं तरी येणं असेल, कुणाशी तरी अबोला असेल, भावाशी बांधाचा वाद असेल. तो कागद सोडता आला तर सोडा. सगळा नाही जमला, तर अर्धा सोडा. महाराजांनीही अर्धाच सोडला होता, बाकीचा भावाचा होता.

तेवढं झालं, तर भंडारा तुम्हाला पावला असं समजा.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!