सुरगाठ, निरगाठ आणि निसटलेली तांबोशी



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातू आला होता. बरोबर नवा रॉड, आणि रिळावर शिवणाच्या दोऱ्यासारखी मऊ, हिरवी ब्रेडेड लाईन. खाडीवर गेल्यावर गळ बांधायचं काम मी हौसेने माझ्याकडे घेतलं. तंगुसाला जन्मभर मारतो तीच गाठ मारली. गळाच्या नेढ्यातून टोक ओवायचं, मूळ दोरीभोवती पाच वेढे द्यायचे, टोक नेढ्याजवळच्या फटीत घालून ओढायचं. इंग्रजीत तिला क्लिंच म्हणतात.

तासाभराने तांबोशी लागली. रॉड वाकला, आणि एकदम हलका झाला. दोरी तुटली नव्हती; टोकाला गाठीची वेटोळी तेवढी उरली होती. मासा तोंडात गळ घेऊन गेला. पोरगा म्हणाला, "आजोबा, मीच जोरात ओढलं." मी गप्प बसलो. ते गप्प बसणं पुढे बरेच दिवस बोचत राहिलं. मास्तराची खोड, मग वाचायला घेतलं.

नायलॉनच्या आधी युरोपात गळाजवळ 'गट' नावाची तार वापरत. रेशमाच्या किड्याची ग्रंथी व्हिनेगरमध्ये मुरवून ताणली की ही तार होई. स्पेनमधलं मुर्सिया या धंद्यासाठी प्रसिद्ध होतं. तुकडे जेमतेम हातभर, म्हणून एकाला एक गाठ मारून जोडावे लागत. कोरडी तार ठिसूळ, म्हणून आधी भिजवायची.

१९३५ साली अमेरिकेत ड्युपाँट कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांनी नायलॉन बनवलं. त्यातूनच पुढे आपलं तंगूस आलं. ते ताणलं जातं आणि आवळताना वेढे एकमेकांत रुततात. म्हणून पाच वेढ्यांवर भागतं.

ब्रेडेड लाईनचा धागा मात्र पॉलिथिनचा! आपल्या पिशवीचंच रसायन, पण रेणूंच्या साखळ्या फार लांब आणि ओढून सरळ केलेल्या. हॉलंडमध्ये डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्त्रा यांनी १९७९च्या सुमारास ही पद्धत काढली, आणि १९९०च्या दशकात अशा लाईन गळाच्या मासेमारीत रुळल्या. वजनाच्या मानाने हा धागा पोलादाहून कितीतरी पट मजबूत, पण कमालीचा गुळगुळीत, आणि ताण जवळजवळ नाहीच. त्यामुळे वेढे रुतत नाहीत, सरकतात. माझी निरगाठ तिथे सुरगाठ झाली होती! क्लिफर्ड अ‍ॅशले यांच्या १९४४च्या गाठींच्या ग्रंथात साडेतीन हजारांहून जास्त नोंदी आहेत; पण तेव्हा हा धागाच जन्मला नव्हता.

मग यावर उपाय काय? पालोमार गाठ. लाईन दुहेरी करून नेढ्यातून ओवायची, त्या दुहेरी लाईनची साधी सैल गाठ मारायची, उरलेल्या फासातून अख्खा गळ काढायचा, पाण्याने ओली करून हळूहळू आवळायची. नेढ्यात दोन पदर बसतात, म्हणून पकड जास्त. ओली करणं विसरू नका, कारण हा धागा दीडशे अंशांच्या आतच वितळतो आणि घासल्याने गरम होतो. टोक थोडं लांब ठेवून कापा. आणि गळ पाण्यात टाकण्याआधी गाठ एकदा जोरात ओढून बघा. निसटायची असेल तर हातातच निसटू दे. पुढे तंगुसाचा तुकडा जोडायचा असेल तर एफजी गाठ. त्यात ब्रेडचे वीसेक वेढे आलटून पालटून तंगुसावर विणतात. ओढावं तितकी ती आवळते. मला अजून नीट जमत नाही.

परवा नातवाला फोन केला. म्हटलं, "तू बरोबर ओढलं होतंस. गाठ चुकली होती, आणि ती माझी होती." तो हसला. "आजोबा, मला तेव्हाच वाटलं होतं. पण तुम्हाला कसं सांगणार?"

चाळीस वर्षं वर्गात उभा राहिलो. असं न सांगणारे किती असतील, कोण जाणे.

असो. तुमच्याकडे गळ कुठल्या गाठीने बांधतात? जरूर कळवा.