इचलकरंजीची 'मीरा' : घरच्या चासीचा आणि परवान्याचा इतिहास

१९४५ साली भारतात मोटारी तयार होत नव्हत्या, जोडल्या जात होत्या. परदेशातून पेट्यांत भरून आलेले भाग मुंबईत शिवडीच्या जनरल मोटर्ससारख्या कारखान्यांत एकत्र बसवले जात. त्याच वर्षी इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी एका छोट्या मोटारीचा आराखडा हाती घेतला. १९४९ मध्ये तिचा पहिला, दोन आसनी नमुना तयार झाला. तिचे नाव 'मीरा'. सुधारित नमुने १९७५ पर्यंत होत राहिले. 'मीरा' मात्र कारखानदारी उत्पादनापर्यंत कधीच पोहोचली नाही.

हे इचलकरंजीतच का घडावे, याचे उत्तर बहुधा मागांत आहे. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये तेथे पहिला यंत्रमाग आणला. जेथे माग, तेथे लेथ, ओतकाम आणि तुटलेला भाग स्वतः घडवणारा फिटर आलाच.

इंजिन एखाद्या वेळी उसने आणता येते. घरी बांधलेल्या मोटारीची खरी परीक्षा चासीत आणि पुढच्या चाकांच्या सस्पेन्शनमध्ये असते. चासी म्हणजे दोन लांब तुळया आणि त्यांना सांधणारे आडवे दांडे. तिचे दोन्ही कर्ण समान भरले पाहिजेत. वेल्डिंगच्या उष्णतेने लोखंड ओढले जाते, म्हणून आधी केवळ टाके मारायचे, कर्ण पुन्हा मोजायचे आणि मगच सांधे पक्के करायचे, तेही आलटून पालटून. चौकट तिरकी राहिली, तर पुढची-मागची चाके एका रेषेत धावत नाहीत आणि गाडी जन्मभर एका अंगाला ओढते.

पुढच्या चाकांचे गणित याहून नाजूक. ज्या अक्षाभोवती चाक वळते, तो वरच्या बाजूने थोडा मागे कललेला असावा लागतो. सायकलचा पुढचा चिमटा कललेला असतो तसा. त्यामुळे वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होते. समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल किती आणि वरून पाहता दोन्ही चाकांची तोंडे किती जवळ, हेही जुळवावे लागते. त्यासाठी सपाट जमीन, ताणलेली दोरी आणि ओळंबा एवढे पुरते. सर्वांत फसवी चूक टाय रॉडची. चाक खड्ड्यात खाली-वर होताना टाय रॉडचा आणि सस्पेन्शनच्या दांड्याचा कंस जुळला नाही, तर चालकाने हात न हलवताही चाक वळते. कागदावर ही चूक सहज नजरेतून सुटते. रस्त्यावर ती लपत नाही.

'मीरा'ची ख्याती तिच्या रबरी सस्पेन्शनसाठी आहे. पोलादी पाट्यांऐवजी रबर, आणि प्रत्येक चाकाला स्वतंत्र हालचाल. १९५९ च्या ब्रिटिश 'मिनी'तही अॅलेक्स मोल्टन यांचे रबरी शंकू होते. 'आपण आधी केले' या वादात शिरण्यात अर्थ नाही. कमी भाग, कमी वजन आणि कमी खर्च अशी अट घातली की वेगवेगळे कारागीर एकाच उत्तरापाशी येतात, एवढे त्यातून दिसते.

फरक पडला तो कायद्याने. ब्रिटनमध्ये सुट्या भागांच्या संचावर खरेदी कर नव्हता. म्हणून १९५७ ची 'लोटस सेव्हन' लोक पेट्यांत विकत घेऊन घरी जोडत. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ती सवलत संपली. भारतात १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याने उत्पादनासाठी परवाना अनिवार्य केला होता. स्वस्त मोटारीची चर्चा दिल्लीत १९५९ पासून, एल. के. झा समितीच्या काळापासून, चालू होती. १९७० मध्ये संजय गांधींना छोट्या मोटारीसाठी इरादापत्र मिळाले, आणि मारुतीची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली ती १९८३ च्या डिसेंबरात, सुझुकीच्या साहाय्याने. तोवर सुमारे १२,००० रुपयांत देता येईल अशी सांगितलेली 'मीरा' विस्मरणात गेली होती.

परवाना पद्धती १९९१ नंतर सुटली, प्रश्न सुटला नाही. आज विरार-वसईच्या औद्योगिक गाळ्यांत पाइप वाकवणारा, वेल्डिंग करणारा आणि लेथवाला एका हाकेच्या अंतरावर सापडतात. परंतु केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार वाहनाचा नमुना पुण्याची 'एआरएआय' किंवा अहिल्यानगरची 'व्हीआरडीई' अशा संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. हा नियम उत्पादकाला समोर ठेवून लिहिलेला आहे. घरी एकच गाडी बांधणारा त्यात सहजी बसत नाही.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी सुमारे ६०,००० रुपयांत, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बांधली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचे जाहीर कौतुक केले. नियमांत बसत नसल्याने स्थानिक अधिकारी आज ना उद्या ती रस्त्यावर अडवतील, हेही त्यांनी त्याच वेळी लिहिले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. त्यांची जीप महिंद्रांच्या संशोधन केंद्रातील संग्रहासाठी होती.