समूहाचा मासा आणि काचेची पेटी : मुंबई परिसरातील सागरी मत्स्यालयांचा इतिहास
(विशेष संदर्भ : स्वॅलोटेल एंजलफिश)

प्रस्तावना

मीरा-भाईंदर शहराच्या पश्चिम टोकाला, उत्तनच्या पुढे, चौक हे मच्छीमारांचे गाव आहे. येथील टेकडीवर धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. १७३७ ते १७३९ या काळातील वसई मोहिमेत चिमाजी आप्पांच्या सैन्याने हा परिसर पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला. राजवटी बदलल्या, तरी गावाचा समुद्राशी असलेला व्यवहार फारसा बदलला नाही. मासा पकडावा, विकावा, खावा, उरलेला वाळवावा असा तो व्यवहार. डोल जाळ्यात सापडणारा जवळा असो वा वलांडीवर वाळणारा बोंबील, येथे मासा नेहमी समूहानेच ओळखला जातो. एकट्या बोंबलाला कोणी नाव देत नाही.

या गावापासून काही किलोमीटरवर भाईंदर व मीरा रोडच्या उंच इमारती आहेत. तेथील दिवाणखान्यात मासा वेगळ्या नात्याने येतो. तो पाहण्यासाठी असतो, आणि पुष्कळदा एकटा असतो. जिवंत मासा घरात ठेवून पाहण्याची ही रीत कोठून आली, तिने माशाला कोणत्या दृष्टीने पाहिले आणि समूहातच पूर्णत्व पावणाऱ्या स्वॅलोटेल एंजलफिशसारख्या माशापुढे ती दृष्टी कोठे अपुरी पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. मासा पाहण्याची परंपरा

माशाकडे विनोदाचे म्हणजे मनोरंजनाचे साधन म्हणून पाहण्याची वृत्ती आपल्याकडे नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात 'मत्स्यविनोद' हे प्रकरण आहे. त्यात माशांचे प्रकार, त्यांना घालावयाचा चारा आणि गळाने मासा धरण्याची रीत यांचे वर्णन येते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. तथापि या विनोदाचे स्थान जलाशयाचा काठ हे होते. मासा पाण्यात आणि माणूस बाहेर, ही मर्यादा त्यात पाळलेली दिसते.

काचेच्या पेटीची कल्पना युरोपातील आहे. फ्रान्समध्ये जन्मलेल्या जान व्हिलप्र्यो-पॉवर यांनी १८३२ च्या सुमारास सिसिलीत सागरी जीवांच्या अभ्यासासाठी काचेच्या टाक्या वापरल्या. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्क प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले आणि पुढील वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. हा वस्तुसंग्रहालयांच्या बहराचा काळ होता. संग्रहालयात प्रत्येक जातीचा एक नमुना मांडावा, त्याखाली नावाची पाटी लावावी, हीच मांडणी मत्स्यालयानेही उचलली. टाकीतील मासा हा आपल्या जातीचा 'प्रतिनिधी' ठरला.

भारतात मद्रास येथे १९०९ मध्ये सागरी मत्स्यालय सुरू झाले. मुंबईला त्यासाठी १९५१ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. सुमारे आठ लाख रुपयांच्या खर्चापैकी दोन लाख रुपये डी. बी. तारापोरवाला या पारशी दात्याने दिले होते. शालेय सहलींमधून महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी प्रवाळ-प्रदेशातील रंगीत मासे प्रथम येथेच पाहिले. २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर ते पुन्हा खुले झाले आणि २०२० च्या साथीच्या काळात बंद झाले. या संस्थेने सागरी मासा सर्वसामान्यांच्या दृष्टिपथात आणला, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. 'एक पेटी, एक पाटी' ही दृष्टीही तिच्यासोबत रुजली.

२. समुद्राकाठी कृत्रिम समुद्र

मराठी घरांत 'एंजल' म्हणून ओळखला जाणारा त्रिकोणी मासा दक्षिण अमेरिकेतील गोड्या पाण्याचा आहे. क्रॉफर्ड मार्केट व कुर्ला येथील दुकानांतून तो घरोघर पोहोचला. सागरी एंजलफिश हे निराळ्या कुळातील असून ते सांभाळण्यासाठी खारे पाणी व प्रवाळ-प्रदेशासारखी स्थिर परिस्थिती लागते. तशी टाकी घरी करता येणे ही तुलनेने अलीकडील घटना आहे. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जिवंत खडक व हवेचे बुडबुडे यांच्या आधारे टाकीचे पाणी स्वच्छ ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. खडकाच्या छिद्रांतील जीवाणू माशांच्या उत्सर्गातील विषारी अमोनियाचे रूपांतर करतात, हे त्यामागील तत्त्व होय. पुढे बर्लिन पद्धतीने प्रथिनफेस काढणारे यंत्र व तीव्र प्रकाश यांची जोड दिली. १९८० च्या दशकात ही विद्या अमेरिकेतील हौशी पालकांत पसरली.

आपल्या परिसरात या विद्येला एक विचित्र वळण मिळते. चौकचा समुद्र डोळ्यांसमोर असूनही त्याचे पाणी अशा टाकीला चालत नाही. वसईच्या खाडीतून येणारा गाळ, पावसाळ्यात घटणारी क्षारता आणि शहरी सांडपाणी यांमुळे ते प्रवाळांना मानवत नाही. याच किनाऱ्यावर बोंबील-जवळ्याचे वैभव आहे आणि प्रवाळांची मोठी वस्ती नाही, याचे कारणही या गढूळ, पोषकद्रव्यांनी भरलेल्या पाण्यात आहे. महाराष्ट्रात प्रवाळ पाहायचे तर मालवण किंवा विजयदुर्गपासून दूर खोल समुद्रातील आंग्रिया बँक गाठावी लागते. म्हणून समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणारा हौशी पालक नळाचे पाणी यंत्राने गाळतो, त्यात तयार मीठ मिसळून लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षारता साधतो आणि शीतयंत्राने तापमान २५-२६ अंश सेल्सिअसवर ठेवतो. हा समुद्र विजेवर उभा आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात उपनगरांतील वीज दीर्घकाळ खंडित झाली होती. अशा वेळी दाट वस्तीच्या टाकीतील प्राणवायू काही तासांतच अपुरा पडतो.

३. स्वॅलोटेल एंजलफिश : समाजाने ठरणारे लिंग

'जेनिकँथस' या प्रजातीत सुमारे दहा जाती आहेत. भिंगरी पक्ष्याप्रमाणे दुभंगलेल्या शेपटीमुळे त्यांना स्वॅलोटेल म्हणतात. लामार्क, वातानाबे, बेलस, मेलॅनोस्पिलोस या त्यांतील पालकांच्या परिचयाच्या जाती. इतर बहुतेक सागरी एंजलफिश खडकावरील स्पंज व प्रवाळ टोचून खातात, म्हणून प्रवाळ-टाकीत ते धोक्याचे ठरतात. स्वॅलोटेल मात्र खडकाच्या वर, मोकळ्या पाण्यात पोहत प्लवक टिपतात. प्रवाळ-टाकीत त्यांना मान मिळाला तो या आहारामुळे.

त्यांचे दुसरे वैशिष्ट्य अधिक अर्थपूर्ण आहे. अनेक जातींत नर व मादी यांचे रंग इतके भिन्न असतात की काहींचे नर-मादी पूर्वी स्वतंत्र जाती म्हणून नोंदले गेले होते. जॉन रँडल यांनी १९७५ मध्ये या प्रजातीची पुनर्मांडणी करून तीन नव्या जातींचे वर्णन केले. हे मासे आधी मादी असतात. एक नर व काही माद्या असा त्यांचा समूह असतो आणि नर नाहीसा झाल्यास समूहातील प्रबळ मादी काही आठवड्यांत रंग, वर्तन व प्रजननेंद्रिये बदलून नर होते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. संग्रहालयी दृष्टीने जे दोन 'नमुने' दोन पाट्यांखाली गेले, ते एकाच समूहातील दोन भूमिका होत्या. एकटा मासा पाहून ही चूक सुधारणे शक्य नव्हते. येथे लिंग हा व्यक्तीचा कायमचा गुण नसून समूहातील स्थानाचा परिणाम आहे. एकच स्वॅलोटेल टाकीत ठेवणारा पालक माशाचे रूप जतन करतो, त्याचे चरित्र मात्र गमावतो.

४. समूह सांभाळण्याची रीत

घरगुती टाकीत समूह ठेवणे अवघड आहे, पण अशक्य नाही. एक नर आणि दोन ते चार माद्या, किंवा लहान वयाच्या सर्व माद्याच एकत्र सोडून त्यांतून नर घडू देणे, या दोन पद्धती रूढ आहेत. दुसरी पद्धत संथ असली तरी माशाच्या स्वभावाला अधिक जवळची आहे. सर्व मासे एकाच वेळी सोडल्यास आधी आलेल्याचा हक्क प्रबळ होत नाही. दोन प्रौढ नर मर्यादित जागेत एकमेकांना सहन करीत नाहीत. समूहासाठी किमान पाचशे लिटर पाणी, पोहण्यास लांबट मोकळी जागा व लपण्यास खडकांच्या कपारी हव्यात. हे मासे उडी मारतात, म्हणून जाळीचे झाकण आवश्यक ठरते. प्लवकभक्षी माशाला दिवसातून एकदा भरपूर खाणे मानवत नाही, त्याला थोडे थोडे अनेकदा द्यावे लागते.

काही जाती बऱ्याच खोलीवर राहतात. त्यांना घाईने वर आणल्यास वाताशय फुगतो आणि मासा तोल सावरू शकत नाही. असे मासे दुकानात तरंगताना किंवा डोके खाली करून पोहताना दिसतात. खरेदीपूर्वी मासा सरळ पोहतो का व खातो का हे पाहणे आणि घरी आणल्यावर काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणे, ही किमान दक्षता होय.

५. कायदा आणि उगम

२००१ मध्ये भारत सरकारने दगडी प्रवाळ, समुद्रपंखे व समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. त्यामुळे आपल्या समुद्रातून जिवंत प्रवाळ काढून टाकी सजविणे हा गुन्हा ठरतो. २०१७ मध्ये मत्स्यालय-दुकानांसाठी केंद्राने कडक नियम अधिसूचित केले होते. व्यावसायिकांच्या विरोधानंतर ते मागे घेण्यात आले. येथील प्रामाणिक पालकाला म्हणूनच कृत्रिम खडकांवर टाकी उभारण्याचा मार्ग सोयीचा आहे, आणि स्वॅलोटेलला त्याने काही उणे पडत नाही. त्याला समूह, प्रवाह व मोकळे पाणी हवे असते.

माशांच्या उगमाचा प्रश्न अधिक कठीण आहे. खडकाला अंडी चिकटविणाऱ्या क्लाउनफिशचे बीजोत्पादन भारतीय संस्थांना साधले आहे. एंजलफिशची अंडी पाण्यावर तरंगतात व त्यांची पिले अत्यंत सूक्ष्म असतात, त्यामुळे बाजारात येणारे बहुतेक स्वॅलोटेल आजही समुद्रातूनच पकडलेले असतात. समूहातून मोठा, रंगीत नर उचलला की मागे राहिलेल्या समूहाची घडी विस्कटते. बाजार मात्र नरालाच अधिक किंमत देतो. समूह पाळू इच्छिणाऱ्याने हा विरोधाभास लक्षात ठेवला पाहिजे. लहान माद्या घेऊन नर घरातच घडू देण्याच्या पद्धतीला नैतिक आधार मिळतो तो येथे.

निष्कर्ष

मुंबई परिसरातील मत्स्यालयाचा इतिहास हा पाहण्याच्या दृष्टीचाही इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकातील संग्रहालयाने माशाला नमुना केले, १९५१ च्या सार्वजनिक मत्स्यालयाने त्याला लोकशिक्षणाचे साधन केले आणि घरगुती टाकीने त्याला शोभेची वस्तू केले. या तिन्ही टप्प्यांत मासा बहुधा एकटा राहिला. स्वॅलोटेल एंजलफिश ही चौकट मोडतो, कारण त्याचे लिंग, रंग व वर्तन ही समूहाची निर्मिती आहे. चौकच्या मच्छीमाराला मासा समूहाने कळतो, तो उपजीविकेमुळे. काचेपलीकडच्या प्रेक्षकाला तसे पाहायला शिकावे लागते. आपल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत पुष्कळदा एखादी काचेची टाकी असते. तिच्यात दहा जातींचे दहा मासे ठेवण्याऐवजी एका जातीचा एक समूह ठेवला, तर विद्यार्थ्यांना वर्गीकरणाबरोबर नातेसंबंधांचेही निरीक्षण करता येईल. त्यासाठी सागरी टाकीचा खर्च परवडलाच पाहिजे असे नाही; गोड्या पाण्यातील स्थानिक माशांपासूनही त्याचा प्रारंभ होऊ शकेल.